खालून बघितलेली वाट

दलदलीवरून जाणाऱ्या लाकडी वाटेचं खरं वय वरून कळत नाही. वरच्या फळ्या राखाडी पडलेल्या असतात, काहींच्या कडा उचललेल्या, एखादी पायाखाली कुरकुरते, आणि आपण लगेच म्हणतो, संपली ही आता. पण राखाडी पडणं हे लाकडाचं दुखणं नव्हे. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाच्या वरच्या पापुद्र्यातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं द्रव्य, विरतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि चंदेरी तंतू तेवढे मागे राहतात. चाकूने जरासं खरवडलं की खाली मूळचा रंग तसाच असतो. उलट जी फळी ठणठणीत दिसते, जिच्यावरून आपण निर्धास्त चालतो, तिच्या खालची तुळई स्क्रूच्या भोकातून झिरपलेल्या पाण्याने आतून भुसा होऊन बसलेली असू शकते.

म्हणून आमच्या उद्यानातल्या बोर्डवॉकचं पुढे काय करायचं यावर मत द्यायची वेळ आली, तेव्हा मी ठरवलं की आधी ही वाट खालून बघायची. तळ्याच्या उथळ बाजूला, लव्हाळ्याच्या आणि पाणकणसांच्या गर्दीतून ती वळणं घेत जाते. मध्ये तिला फाटा फुटतो. एक फाटा पक्षी बघायच्या मचाणाशी जाऊन थांबतो, दुसरा झाडांच्या सावलीतून वळसा घालून परत मुख्य रस्त्याला लागतो. हा दुसरा फाटा बंद आहे. तोंडाशी दोरी बांधलेली आणि ‘पुढे धोका’ अशी पाटी. दोरी इतकी जुनी झाली आहे की तिच्यावर शेवाळ धरलंय. बंद करायचा असा निर्णय कुठल्या बैठकीत झाला हे विचारलं, तर कोणालाच सांगता येईना. कधीतरी एक फळी तुटली, कोणीतरी दोरी बांधली आणि ते तसंच राहिलं.

पाहणीला आलेल्या इंजिनिअर बाईंकडे फार अवजारं नव्हती. हातोडी, दाभण, टॉर्च, खडू आणि लाकडातला ओलावा मोजायचं दोन पिनांचं मीटर. त्या सरळ फळ्यांवर पालथ्या पडल्या, डोकं कडेवरून खाली सोडलं आणि टॉर्चच्या उजेडात एकेक तुळई बघायला लागल्या. चांगलं लाकूड हातोडीला खणखणीत उत्तर देतं. कुजलेलं बद्द वाजतं, आणि एकदा कान तयार झाला की हा फरक चुकत नाही. मग दाभण. ते तिरपं खुपसून वर उचकटायचं. निरोगी लाकडाचं लांब कुसळ निघतं, करकरतं, आणि एका टोकाने चिकटलेलं राहतं. बुरशी लागलेल्या लाकडाचं कुसळ असं निघतच नाही. दाभणाजवळच आखूड तुकडा पडतो, तोही जवळजवळ आवाज न करता. एका तुळईत तर दाभण मुठीपर्यंत आत गेलं आणि ओलं होऊन बाहेर आलं. तिच्यावरची फळी मात्र मजबूत होती. बाईंनी खडूने फुली मारली, वहीत टिपलं आणि पुढे सरकल्या. काम संपलं तेव्हा बंद फाट्यावर जिकडे तिकडे फुल्या होत्या आणि मचाणाकडच्या फाट्यावर अगदी तुरळक.

दोन्ही फाटे एकाच वेळी बांधलेले. एकच लाकूड, एकच माणसं, एकच आराखडा. मग हा फरक कशाने पडला? बाईंनी बंद फाट्यावरच्या दोन फळ्यांच्या फटीत दाभण फिरवलं. कुजलेल्या पानांचा काळा, ओला गाळ लगद्यासारखा वर आला. फट वरपासून खालपर्यंत भरलेली होती. मचाणाकडे पक्षी बघणारी मंडळी रोज जातात. त्यांच्यातले एक काका जाता जाता काठीने फटी मोकळ्या करतात. कोणी सांगितलेलं नाही, त्यांना सवयच आहे ती. शिवाय तो भाग उन्हात आहे. झाडाखालच्या फाट्यावर पानं पडत राहिली, फटी बुजल्या, पाणी वाहून जायला जागा उरली नाही आणि ते तुळयांच्या डोक्यावर मुक्काम करून राहिलं.

लाकूड खाणाऱ्या बुरशीला चार गोष्टी लागतात. लाकूड, हवा, ऊब आणि पाणी. पहिल्या तिन्ही गोष्टी बाहेर बांधलेल्या कुठल्याही लाकडाला आपसूक मिळतात, त्यांचं आपण काही करू शकत नाही. आपल्या हातात असतं ते पाणी. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिला तर बुरशीचं काही चालत नाही. तो ३० टक्क्यांच्या आसपास गेला, पेशींच्या भिंती पाण्याने पुरत्या भरल्या, की तिला रान मोकळं. भिजणं वाईट नाही, भिजून वाळायला न मिळणं वाईट. फळीचं कापलेलं टोक तर पाणी शोषून घेण्यात फार पटाईत असतं, कारण झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. म्हणूनच दोन फळ्या टोकाला टोक लावून जिथे एका तुळईवर भेटतात, ती जागा सगळ्यात आधी जाते. त्या टोकांना बांधतानाच संरक्षक द्रव्य लावलं असतं आणि तुळयांच्या डोक्यावर डांबरी किंवा ब्युटाइल रबराची पट्टी चिकटवली असती, तर आज कितीतरी फुल्या कमी असत्या.

खांबांचं गणित आणखी वेगळं. कायम पाण्यात बुडालेला भाग टिकतो, कारण तिथे बुरशीला पुरेशी हवाच नाही. उंचावरचा भाग वाळत राहतो म्हणून टिकतो. मधली वीत-दीड वीत, जिथे तळ्याची पातळी वर-खाली होत राहते, तिथे खांब कंबरेत बारीक होत जातो. बाईंनी पाण्यात हात घालून एका खांबाला तिथे चिमटीत धरून दाखवलं. वर जाड, खाली जाड, आणि मध्ये मनगटाएवढा.

पाणथळ जागा लाकूड किती राखू शकते याचा एक पुरावा इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये आहे. १९७० साली तिथे पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणताना जमिनीखाली एक लाकडी वाट सापडली. तिला आता स्वीट ट्रॅक म्हणतात. वर्षवलयांच्या अभ्यासावरून तिच्या लाकडांची तोड इसवी सनापूर्वी ३८०७ च्या हिवाळ्यातली ठरली. जवळजवळ दोन किलोमीटर लांब, एका वेळी एक माणूस चालेल एवढीच रुंद, बहुतेक ठिकाणी ओकच्या फळ्यांची. म्हणजे बोर्डवॉक ही उद्यानं सजवणाऱ्यांची कल्पना नाही, ब्रिटनमध्ये शेती नुकती कुठे रुजत होती तेव्हापासून माणूस चिखलावर फळ्या टाकत आला आहे. मला मात्र त्या वाटेची पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. भोवतालच्या जमिनीतलं पाणी उपसलं गेल्याने ती कोरडी पडायची भीती निर्माण झाली, आणि आता तिचा जमिनीत राखलेला भाग ओला राहावा म्हणून तिथे पंपाने पाणी सोडावं लागतं. जवळजवळ सहा हजार वर्षं टिकलेल्या वाटेलाही शेवटी कोणीतरी रोज बघणारं लागलंच.

नंतर नागरिकांची सभा झाली. सभेत माणसं तावातावाने बोलली, पण मनापासून बोलली, आणि मला ते बरं वाटलं. एखाद्या वाटेबद्दल कोणालाच काही वाटत नसेल तर तिच्याबद्दल सभाही भरत नाही.

पहिला आणि सगळ्यात मोठा गट होता सिमेंटवाल्यांचा. “एकदाचं काँक्रीटचं करून टाका, पुन्हा बघायला नको,” असं एक गृहस्थ म्हणाले आणि बऱ्याच माना हलल्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. काँक्रीटला बुरशी लागत नाही, आग लागत नाही, आणि वादळापुढे ते लाकडापेक्षा कणखरपणे उभं राहतं. न्यूयॉर्कमधल्या रॉकअवेचा समुद्रकाठचा बोर्डवॉक २०१२ च्या सँडी वादळाने उखडून नेला. फळ्या गेल्या आणि मागे नुसते आधार उभे राहिले. नंतर तो काँक्रीटचा बांधला गेला आणि २०१७ पर्यंत पूर्ण झाला. समुद्राच्या तोंडावर, वादळी लाटांच्या माऱ्यात तो निर्णय मला पटतो. त्याच शहरातल्या कोनी आयलंडचा १९२३ चा बोर्डवॉक मात्र वेगळ्या वादात अडकला. तिथे काही भागांत लाकडाऐवजी काँक्रीट आणि प्लॅस्टिकच्या फळ्या आल्या तेव्हा रहिवाशांनी जोरदार विरोध केला, आणि २०१८ मध्ये त्या वाटेला शहराने वारसा दर्जा दिला. एकाच शहरात, एकाच समुद्राच्या काठावर दोन जागांना दोन वेगळे न्याय लागले. तिथून उचलून आमच्या तळ्यावर आणावं असं एकच एक उत्तर त्यात नाही.

आमचं तळं म्हणजे समुद्र नव्हे. इथे लाटा नाहीत, मऊ चिखल आहे. काँक्रीटचं वजन पेलायला जाड पाया लागेल, पाया घालायला अवजड यंत्रं लागतील, आणि यंत्रं आत न्यायला पाणकणसांमधून भराव टाकून रस्ता करावा लागेल. म्हणजे ज्या जागेला पाय लागू नयेत म्हणून ही वाट बांधली, तिच्यावरूनच आधी चाकं जाणार. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनातला सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटच्या निर्मितीचा आहे, तो हिशेब निराळाच. आणि काँक्रीटही काही अमर नाही. आतली सळई गंजली की फुगते, फुगली की वरचं काँक्रीट फोडते. फळी बदलायला एक माणूस आणि एक पाना पुरतो. काँक्रीटचा तडकलेला तुकडा बदलायला पुन्हा यंत्र आत आणावं लागतं. पण माझी खरी अडचण त्या ‘पुन्हा बघायला नको’ मध्ये आहे. आजवर पुन्हा कोणी बघितलं नाही म्हणून तर आपण या सभेत येऊन बसलो आहोत.

प्लॅस्टिकच्या फळ्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. त्या कुजत नाहीत हे खरं, पण उन्हात चटका देतात, तापमानाप्रमाणे लांबीला बऱ्याच वाढतात-आकसतात आणि दोन आधारांमधलं अंतर जरा जास्त झालं की हळूहळू झोळ खातात. शिवाय झिजून त्यांचे कण कुठे जाणार? खाली पाण्यातच. पाणथळीच्या डोक्यावर प्लॅस्टिक घासत राहावं, हे मला काही केल्या पटत नाही.

इपेसारखं दक्षिण अमेरिकेतलं टणक लाकूड आणावं, असं कोणीतरी सुचवलं. ते टिकतं यात शंकाच नाही, जगातल्या कितीतरी बोर्डवॉकवर ते पिढीभर आणि त्याहून जास्त टिकलंय. पण ती झाडं जंगलात विरळ विखुरलेली असतात, एकेक तोडायला रस्ता काढत जावं लागतं. २०२२ साली पनामात झालेल्या परिषदेत या झाडांचा साइटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला, आणि नोव्हेंबर २०२४ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली. एका जागचं पाणथळ जपण्यासाठी दुसऱ्या जागचं जंगल मोडायचं, हा सौदा मला नको.

तेव्हा सभेत मागच्या बाजूला व्हीलचेअरवर बसलेल्या एक ताई बोलल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, “पाण्याच्या इतक्या जवळ मला जाता येईल अशी ही एकच जागा आहे. दुरुस्ती म्हणा, पाडकाम म्हणा, तुमचं काहीही ठरू दे, पण मधली दोन-तीन वर्षं ती बंद राहिली तर ती माझ्यापुरती गेलीच.” मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, उभ्या बसवल्या तर पुढचं लहान चाक फटीत अडकतं. फळीची कड उचलली गेली की चाकाला धक्का बसतो आणि तो थेट पाठीत जातो. कठड्याची वरची दांडी उभ्या माणसाच्या कोपराला सोयीची असते, पण बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर येते. मचाणावर जाऊनही त्यांना दिसते ती दांडीच, पक्षी तिच्या वर तरी असतो किंवा खाली तरी.

या सगळ्याची मापं जगात ठरलेली आहेत. अमेरिकेच्या सुगम्यतेच्या मानकांत फट अर्ध्या इंचाहून, म्हणजे साधारण १३ मिलिमीटरहून मोठी चालत नाही, शेजारच्या फळ्यांच्या उंचीत उभा फरक ६ मिलिमीटरपर्यंतच चालतो, आणि वाटेचा चढ २० ला १ पेक्षा जास्त झाला की तिला उताराचे नियम लागू होतात. पण मचाणावरच्या त्या दांडीचा मुद्दा कुठल्या आराखड्यात आपोआप येत नाही. तिथे बसणारं माणूस आराखड्याच्या टेबलाशीच असावं लागतं. अर्धवट वाट वर्षानुवर्षे बंद ठेवण्याचा सगळ्यात मोठा भुर्दंड कोणाला पडतो, हेही त्या दिवशी लख्ख दिसलं. धडधाकट माणूस दोरी ओलांडून जातो. मुलं तर जातातच.

शेवटी बोलले ते निसर्ग अभ्यासक, आणि त्यांचं म्हणणं माझ्या मनात सगळ्यात जास्त काळ राहिलं. ते म्हणाले, काहीच बांधू नका. आहे ते काढून घ्या आणि ती जागा तिची तिला परत द्या. वाटेखाली ऊन पोचत नाही, तिथे काही उगवत नाही. पाणकणसांच्या बेटाचे दोन तुकडे झालेत. पाणकोंबड्या घरटी करतात त्या जागेच्या अगदी जवळून माणसं जातात. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी स्वतः वाटेखाली वाकून बघितलंय. खाली उघडा, काळा चिखल आहे आणि दोन्ही बाजूंना हिरवं रान.

पण मग जपानमधल्या ओझे नावाच्या जागेचं काय करायचं? तिथल्या डोंगरातल्या दलदलीचं कौतुक दूरवर पसरलं तसे पदयात्री येऊ लागले, आणि बुटांखाली ती दलदल तुडवली जाऊन उघडी पडू लागली. अशा जागी पीट वाढतं ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. एका सुट्टीच्या दिवसात जे तुडवलं जातं ते भरून यायला पिढ्या जाऊ शकतात. तिथे उपाय म्हणून लाकडी वाटा टाकल्या. आज त्यांची लांबी साठ किलोमीटरच्या वर आहे आणि त्या टप्प्याटप्प्याने सतत बदलल्या जातात. माणसाला यायचंच असेल तर त्याने कुठे पाय ठेवायचा हे सांगणं, हे बोर्डवॉकचं मूळ काम. आमचं उद्यान शहराच्या मध्यात आहे. वाट काढली म्हणून माणसं यायची थांबणार नाहीत, ती चिखलातून आपापल्या पायवाटा पाडतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशातला हा प्रकार आहे.

सावलीचं गाऱ्हाणं मात्र सोडवता येण्यासारखं आहे. वाट जितकी अरुंद आणि जितकी उंच, तितकं खाली तिरकं ऊन जास्त पोचतं. फायबरच्या जाळीची वाट केली तर ऊन थेट खाली उतरतं, आणि काही ठिकाणी ती चांगली चालते. पण मी त्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जाळी बारीक असेल तर चालेल, मोठी असेल तर पुढच्या चाकाने अडखळायला होतं. पांढरी काठी वापरणाऱ्यांचीही काठी अशा जाळीत अडकते. तेव्हा जाळी घरट्यांजवळच्या छोट्या पट्ट्यापुरती, तीही बारीक, आणि बाकी सगळीकडे लाकूड.

तर माझं मत लाकडाकडे आहे, आणि ते मी लिहूनही दिलं. लाकडाच्या प्रेमापोटी नव्हे, तशी ती वाट मला अतिशय प्रिय आहे. माझं कारण असं की लाकडी वाट तुकड्यातुकड्याने जगवता येते. जपानमधल्याच इसे देवस्थानासमोरचा उजी पूल दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, शेवटचा २००९ साली. तो कधी जुना होणार आणि कधी नवा, हे पुलाच्या पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. अटलांटिक सिटीमध्ये १८७० साली हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत शिरणारी वाळू अडवायला जी पहिली लाकडी वाट टाकली, ती तर हिवाळ्यात उचलून ठेवायचे. या दोन्ही ठिकाणी बांधणाऱ्यांनी फळीला उपभोग्य वस्तू मानलं, आणि ती बदलण्याची तजवीज बांधणीतच केली.

आमच्या वाटेत ही तजवीज नव्हती. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या. काढायला गेलं की तुळईच फाटते. नव्या फळ्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने बसवाव्यात, म्हणजे एकेक फळी निघेल. हा स्टेनलेस स्टीलचा आग्रह दिखाऊपणासाठी नाही: हल्लीच्या संरक्षक द्रव्यांत तांब्याचं प्रमाण मोठं असतं आणि तांबं साध्या लोखंडाला फार लवकर खातं. खाली कुजलेल्या लाकडी खांबांच्या जागी गॅल्व्हनाइज्ड पोलादाचे, जमिनीत पिळून बसवायचे स्क्रूसारखे खांब घ्यावेत. त्यांना खोदकाम लागत नाही, छोट्या यंत्राने वाटेवरूनच ते आत पिळता येतात आणि नको झाले तर उलटे फिरवून काढताही येतात. ही कल्पना अलेक्झांडर मिचेल नावाच्या आयरिश अभियंत्याची. १८३३ साली त्याने तिचं पेटंट घेतलं आणि टेम्सच्या मुखाजवळच्या वाळूत दीपगृहाचा पाया तिच्यावर उभा राहिला. मिचेल तरुणपणापासून अंध होता. तरी काम तो स्वतः हाताने चाचपून तपासायचा.

मचाणाचा भाग मात्र आधीच्यापेक्षा भक्कम हवा. वाटेवर माणसं एकामागून एक जातात, पण एखादा दुर्मीळ पक्षी दिसला की सगळी एकाच कठड्याशी दाटतात. पादचारी पुलांसाठी दर चौरस मीटरला चारशे ते पाचशे किलोंचा भार धरतात तो याच गर्दीसाठी. जुन्या आराखड्यात तो कितीचा धरला होता याचा कागद मिळत नाही, म्हणून तिथे अंदाजावर भागवू नये. आणि कठड्याचा एक भाग त्या ताईंच्या डोळ्यांच्या रेषेत मोकळा ठेवून, खाली आडव्या तारा लावून करावा.

जुन्या फळ्यांबद्दल एक गोष्ट सभेत कोणी काढली नाही, म्हणून मी काढली. आठवण म्हणून फळी घरी न्यायची बऱ्याच जणांची इच्छा आहे आणि ती मला समजते. पण जुन्या काळी बाहेरच्या लाकडाला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण मुरवत. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद झालं, पण त्याआधीच्या बांधकामांत ते जगभर आहे. असं लाकूड जाळलं तर आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं. त्याचे भाजीचे वाफे करू नयेत, मुलांचं खेळणं करू नये, शेकोटीत तर कधीच घालू नये. आधी तपासणी व्हावी, मगच कोणाला काय द्यायचं ते ठरावं.

पैशाची गोष्ट आली की सभा पांगायला लागते. पण याच मुद्द्यावर मला अडून बसावंसं वाटतं. नवीन काही बांधायला निधी मिळतो, उद्घाटन होतं, फोटो येतात. फटीतली पानं काढायला निधी मिळत नाही. म्हणून बांधकामाचा ठराव आणि देखभालीचा ठराव वेगळे करू नका, एकाच कागदावर एकाच सहीने होऊ द्या, असं मी लिहिलं. पानगळीनंतर फटी साफ करणं, वर्षातून एकदा हातोडी आणि दाभण घेऊन खालून पाहणी, सैल स्क्रू आवळणं, फळ्यांचा साठा जवळ ठेवणं, आणि हे कोणाच्या नावावर आहे ते पदासकट लिहिणं. एवढं होणार नसेल, तर प्रामाणिकपणे सगळी वाट काढून टाकावी आणि अभ्यासकांचं ऐकावं. राखायची ताकद नसताना बांधणं हा त्या जागेवर दुहेरी अन्याय आहे: आधी बांधताना तुडवायची, मग पडझड होऊ द्यायची.

बंद फाटा परत बांधू नये, असं माझं मत झालंय. ते पक्कं व्हायला वेळ लागला, कारण लहान मुलांना घेऊन वळसा मारायला तोच सोयीचा होता. पण तो सावलीत आहे, पानं तिथे पडतच राहणार, आणि पाणकोंबड्यांची घरटी त्याच बाजूला आहेत. मचाणाचा फाटा नीट करा, तो आधी आणि सलग करा, एका बाजूने काम चालू असताना दुसरी बाजू खुली ठेवा, म्हणजे त्या ताईंची वाट एक दिवसही पूर्ण बंद होणार नाही. वळसा गेला की येण्याजाण्याला मचाणाची ही एकच वाट उरेल, म्हणून मध्ये दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातील अशा रुंद जागा कराव्या लागतील.

बंद फाट्याचे खांब कसे काढायचे यावर इंजिनिअर बाईंचं आणि अभ्यासकांचं अजून जुळलेलं नाही. उपटले तर चिखलात खोल भोक पडतं आणि तळाचा गाळ ढवळला जातो. कापले तर मुरवलेलं लाकूड आत राहतं आणि त्यातलं रसायन झिरपत राहतं. लाकडाची तपासणी झाल्यावर हे ठरेल. त्यात आर्सेनिक निघालं तर उपटावेत, नाही निघालं तर चिखलाच्या वीतभर खाली कापून सोडून द्यावेत, असं मला वाटतं, आणि दोन्हीपैकी काहीही करायचं तरी ते घरट्यांचा हंगाम संपल्यावरच.